जानेवारीची नदी, प्लेनोचं तळं

बायको आणि मुलगी पुण्याला परत गेल्या, त्या वर्षी मी मासे पकडायला लागलो. आमच्या नागपूरच्या घरात आजवर कुणी मासा खाल्लेला नाही, पकडणं तर दूरच. त्यामुळे आईला हे मी कधी सांगितलं नाही. तिला वाटतं, मी रविवारी फिरायला जातो.

त्या दोघी गेल्या त्यात भांडण वगैरे काही नव्हतं. बायको आर्किटेक्ट. माझ्या व्हिसावर तिला इथे काम करायची परवानगी कधी मिळायची, कधी अडकायची. तिची एक जुनी मैत्रीण पुण्यात स्वतःचं ऑफिस काढत होती, तिने बोलावलं. मुलगी अजून लहान होती, शाळा बदलून चालण्यासारखं होतं. मी मात्र ग्रीन कार्डच्या रांगेत होतो आणि रांग सोडली तर इतकी वर्षं फुकट, म्हणून मी थांबायचं ठरलं. "थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे," असं आम्ही दोघंही एकमेकांना सांगत होतो. एअरपोर्टवरून पिस्कॅटवेच्या अपार्टमेंटमध्ये परत आलो तेव्हा मुलीची रंगीत चप्पल दारात तशीच होती. ती तिला लहान होत होती म्हणून नेली नव्हती.

आठवड्याचे दिवस ऑफिसमध्ये निघून जायचे. शनिवार लॉन्ड्री आणि ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांतल्या भाजीत संपायचा. रविवार काही केल्या संपत नसे. सुरुवातीला मित्र बोलवायचे, "एकटाच आहेस ना यार, ये जेवायला." मी जायचो. पण तिथे सगळी जोडपी, त्यांची मुलं, मुलांच्या स्विमिंगच्या आणि पियानोच्या गप्पा. मी सोफ्याच्या टोकाला प्लेट घेऊन बसायचो आणि कुणीतरी हटकून विचारायचं, "वहिनी कधी येतायत?" हळूहळू बोलावणी कमी झाली. खरं सांगायचं तर मलाही सुटल्यासारखं झालं.

नोव्हेंबरमध्ये हातमोजे घ्यायला एका स्पोर्ट्‌सच्या दुकानात गेलो आणि हातमोज्यांबरोबर मासे पकडायचा एक रॉड घेऊन बाहेर पडलो. का, ते आजही नीट सांगता येणार नाही. दुकानात मोठ्या पडद्यावर एक माणूस बर्फात, कमरेएवढ्या पाण्यात उभा दिसत होता. एकटा होता, पण एकटा पडल्यासारखा वाटत नव्हता. मला वाटतं, मी ते विकत घेत होतो.

पुढचे कितीतरी रविवार मी व्हिडिओ पाहून शिकत राहिलो. छातीपर्यंत येणारी रबरी विजार घेतली, तिला वेडर्स म्हणतात. तळाला खिळे असलेले बूट घेतले. पश्चिमेला पाऊण तास गेलं की रॅरिटन नदीची दक्षिणेकडची शाखा डोंगरातून येते, तिथे हिवाळ्यातही ट्राउट असतात. पाणी इतकं थंड की मासे सुस्तावून खोल डोहात तळाशी पडून राहतात. त्यांच्या अगदी तोंडापुढून खोटा किडा वाहत गेला पाहिजे, तेव्हा कुठे ते तोंड उघडणार. माझा किडा कधी दगडाला अडकायचा, कधी ओंडक्याला.

एका रविवारी तर तो मागच्या झाडात अडकला. मी ओढला, फांदीवरचा सगळा बर्फ माझ्या मानेत. तोंडातून मोठ्याने निघालं, "च्यायला!"

नदीच्या खालच्या वळणावरून आवाज आला, "झाडावर मासे नसतात हो."

मराठीत! मी वळून पाहिलं. माझ्याच वेषातला एक म्हातारा पाण्यात उभा होता. कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली, पांढऱ्या मिशीला बर्फाचे कण. तो आपल्या दोरीवरची नजर न हलवता बोलला होता. मी काही म्हणायच्या आत त्याने एक हात वर केला. आता गप्प, असा त्याचा अर्थ होता.

ते काका. त्यांचं नाव मला नंतर कळलं, पण मी त्यांना नेहमी काकाच म्हणालो. पन्नास वर्षांपूर्वी केमिस्ट म्हणून या देशात आलेले, एका औषधांच्या कारखान्यात उभी हयात नोकरी केलेले. घर एडिसनला. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. एकुलती एक मुलगी टेक्ससमध्ये. मूळ वेंगुर्ल्याकडचे, म्हणून मी म्हटलं, "मग तुम्हाला हे लहानपणापासूनच येत असणार."

"सगळ्यांना असंच वाटतं," ते म्हणाले. "अरे, आमच्याकडे मासे दारावर यायचे, टोपलीतून. मी फक्त खायला शिकलो. गळ टाकायला मला एका पोलिश माणसाने शिकवलं, कारखान्यातल्या. तोही आता नाही."

त्यानंतर आम्ही दर रविवारी भेटायला लागलो. ठरवून नाही. मी पोचायचो तेव्हा त्यांची जुनी करडी गाडी पुलाजवळ उभी असायची. पाण्यात असताना बोलायचं नाही हा त्यांचा नियम. ते खाली, मी वर, मध्ये नदीचं एक वळण. कधीकधी तास-तास मला नुसती त्यांची टोपी दिसायची. कडाका वाढला की रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ साचून दोरी अडकायची, मग रॉडचं टोक पाण्यात बुडवायचं आणि बर्फ विरघळेपर्यंत थांबायचं. हे त्यांनी मला लांबूनच खुणेने शिकवलं.

पहिला मासा मला फेब्रुवारीत मिळाला. दोरी थांबली, मला वाटलं पुन्हा दगड, आणि मग दगड हलला. काका पाणी तुडवत वर आले. "हात ओले कर आधी! कोरड्या हाताने धरलास तर त्याची कातडी सोलेल. आणि पाण्याबाहेर काढू नकोस, या हवेत त्याचे कल्ले गोठतात." वीतभर लांबीचा ब्राउन ट्राउट होता. अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट निळं कडं. असल्या राखाडी दिवशी, असल्या राखाडी पाण्यात हे रंग कुणासाठी होते? काकांनी गळ काढला, त्याला प्रवाहाकडे तोंड करून दोन्ही हातांत धरून ठेवलं आणि अगदी हळू म्हणाले, "जा गो बाये, जा." माझ्याशी ते शुद्ध मराठी बोलायचे, मुलीशी फोनवर इंग्लिश. मालवणी फक्त माशांशी.

दुपारी गाडीची डिकी उघडून आम्ही चहा प्यायचो. एकदा मी विचारलं, "काका, तुम्ही हिवाळ्यातच का येता? उन्हाळ्यात मासे जास्त मिळतात म्हणे."

"उन्हाळ्यात सगळं जग इथे असतं," ते म्हणाले. "बायका, पोरं, कुत्री. उन्हाळ्यात एकटा माणूस दिसला की लोकांना वाईट वाटतं. हिवाळ्यात इथे येणारा प्रत्येकजण एकटाच येतो, त्यामुळे कोणी काही विचारत नाही."

असे दोन हिवाळे गेले, तिसरा लागला. आमची मैत्री होती का? मला त्यांचा वाढदिवस माहीत नव्हता. त्यांनी माझ्या बायकोचं नाव कधी विचारलं नाही. पण गुरुवार उजाडला की मी रविवारचं हवामान बघायला लागायचो.

तिसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीच्या शेवटी, काका पडले.

त्या दिवशी ते माझ्या वरच्या बाजूला होते. पलीकडच्या डोहाकडे जायला नदी ओलांडत होते, काठी टेकत, एकेक पाय चाचपत. मी पाहत होतो म्हणून बरं. त्यांच्या पायाखालचा दगड फिरला आणि ते बसल्यासारखे खाली गेले. ओरडले नाहीत. टोपी पाण्यावर दिसली, मग एक हात, मग पाणी त्यांना माझ्याकडे आणायला लागलं. मी रॉड टाकून आडवा धावलो. पाण्यात जेवढं धावता येतं तेवढं. त्यांच्या जॅकेटची कॉलर हाताला लागली ती मी सोडली नाही. दोघंही गुडघ्यांवर, रांगत, काठाला लागलो.

ते पहिलं वाक्य बोलले ते, "रॉड कुठाय?"

"गेला काका."

"अरेरे," ते म्हणाले, जसं कुणाच्या घरचं वाईट कळल्यावर म्हणतात.

मग त्यांचे दात वाजायला लागले आणि थांबेनात. मी त्यांना गाडीत बसवलं, हीटर पूर्ण केला, ओले कपडे उतरवले. ऐंशीच्या घरातला माणूस माझ्या स्वेटशर्टात किती लहान दिसत होता! चहाचा कप त्यांना धरता येत नव्हता, म्हणून मी ओठांना लावला. हॉस्पिटलला नको म्हणाले. मी ऐकलं नाही. तिथल्या डॉक्टरने तपासलं, ब्लँकेटांत गुंडाळून बराच वेळ झोपवून ठेवलं, मग घरी न्यायला हरकत नाही म्हणाला.

त्यांच्या घरी मी त्या दिवशी पहिल्यांदा गेलो. जेवणाच्या टेबलाला सहा खुर्च्या. पाचांवर वर्तमानपत्रं, औषधांची खोकी, इस्त्रीचे कपडे. एक मोकळी. मी वरण-भात लावला आणि एका खुर्चीवरची वर्तमानपत्रं जमिनीवर ठेवून त्यांच्यासमोर बसलो. ते जेवले. मी निघताना ते म्हणाले, "मुलीला कळता कामा नये हं. ती मला इथे राहू देणार नाही."

मी घरी आलो तेव्हा पुण्यात सोमवारची पहाट झाली होती. व्हिडिओ कॉल लावला. बायको मुलीचा डबा भरत होती. मी सगळं सांगायला लागलो. "बाप रे! तू ठीक आहेस ना? बघ, मी म्हणत होते..." मागून हॉर्न ऐकू आला. "थांब हं, व्हॅन आली," म्हणून तिने फोन ओट्यावर ठेवला. मला छताचा पंखा दिसत राहिला. ती परत आली तेव्हा तिलाही ऑफिसची घाई होती आणि माझंही सांगायचं राहून गेलं. वेडर्स मी बाथरूममध्ये उलटे टांगले. रात्रभर त्यातून पाणी ठिबकत होतं.

पुढच्या रविवारी पुलाजवळ करडी गाडी नव्हती. मी काकांच्या घरी गेलो. ते खुर्च्यांवरचे कागद आवरत होते.

"टेक्ससला चाललो," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात ती न्यायला येतेय."

"तिला कुणी सांगितलं?"

"मीच."

ते एक खोकं उचलून दुसरीकडे ठेवण्यात गुंतल्यासारखे झाले. मग म्हणाले, "तू गेल्यावर घरात खूप शांत झालं रे. एवढं सगळं होऊन गेलं आणि ऐकायला कोणी नाही. तिने नेहमीसारखा फोन केला, काय केलंत आज बाबा म्हणून विचारलं. मी सांगून टाकलं. थांबवताच आलं नाही. सांगताना फार बरं वाटलं."

घर विकायला निघालं. काका गेले. मी एप्रिलपर्यंत नदीवर जात राहिलो, खालच्या वळणावर कोणी नसायचं. नियम पाळायला आता कुणाची गरज नव्हती, तरी मी बोलत नव्हतो. बोलणार कुणाशी?

त्यानंतरच्या जानेवारीत ऑफिसने मला टेक्ससमधल्या आमच्या प्लेनोच्या कॅम्पसवर काही दिवसांसाठी पाठवलं. काका त्याच गावात होते, म्हणून मी रविवार जोडून घेतला. काकांच्या मुलीचं घर प्रचंड होतं. तशीच प्रचंड घरं दोन्ही बाजूंना, आणि मागे कुठेतरी हायवेचा न थांबणारा आवाज. दार तिनेच उघडलं. माझ्याच वयाची, इथेच जन्मलेली, दातांची डॉक्टर. मराठी बोलायचा मनापासून प्रयत्न करत होती. "कम इन, कम इन. बाबा सकाळपासून रेडी होऊन बसला आहे."

काका खरोखरच तयार होते. पण वेडर्स नव्हते, साधी पँट, उन्हाची टोपी, हातात घडीची खुर्ची. "चल, तुला इथले ट्राउट दाखवतो."

"टेक्ससमध्ये ट्राउट?"

"हिवाळ्यात असतात. ट्रकमधून येतात."

पार्कात एक तळं होतं, सिमेंटच्या पायवाटेने वेढलेलं. ऊन पडलं होतं, माणसं अर्ध्या बाह्यांत. काठावर ही गर्दी: आजोबा, आया, बाबागाड्या, पिझ्झाची खोकी. सगळ्यांच्या गळांना आमिष म्हणून च्युइंगमसारखा गुलाबी-हिरवा गोळा. काकांनी खुर्ची उघडली, बसले आणि तसाच एक गुलाबी गोळा लावला. मी पाहतोय हे त्यांना कळलं.

"सांगू नकोस काही," ते म्हणाले. "हे मासे टाकीत वाढलेत. यांना किडे माहीत नाहीत."

थोड्या वेळात त्यांना एक मिळाला. रेनबो ट्राउट, अंगावर गुलाबी पट्टा. मी सवयीने हात ओले करायला वाकलो. काकांनी मात्र खिशातून छोटी लाकडी दांडी काढली आणि माशाच्या डोक्यावर एकच, नेमका घाव घातला. मासा थरथरला आणि थांबला. इतक्या वर्षांत मी त्यांना एकही मासा मारताना पाहिलं नव्हतं.

"सोडत नाही?"

"आधी सोडायचो. मग एकाने सांगितलं." त्यांनी तळ्याकडे हात केला. "एप्रिलमध्ये हे पाणी तापतं. ट्राउट थंड पाण्याचा मासा. यातला एकही उन्हाळा बघत नाही. लोकांना हिवाळ्यात काहीतरी हवं म्हणून सरकार आणून सोडतं. इथे सोडून देणं म्हणजे दया नाही, नुसतं लांबवणं."

आमच्या शेजारी एका बाईने मासा ओढला आणि सगळ्या कुटुंबाने टाळ्या वाजवल्या. काकांनीही वाजवल्या.

मुलीला घरात माशाचा वास चालत नसे. काकांनी मागच्या अंगणात, ग्रिलच्या बाजूच्या शेगडीवर तवा ठेवला. हळद, तिखट, कोकमाचं आगळ, वर तांदळाचं पीठ. हे करताना ते पहिल्यांदाच वेंगुर्ल्याचे वाटले. "एकट्यासाठी मासे करायचे नसतात," ते म्हणाले. "ही गेल्यावर मी एडिसनला एकदाही केले नाहीत. आज तू आहेस."

मी खात नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी विचारलं नाही, नुसत्या दोन ताटल्या घेतल्या. मी खाल्ला. काटे कसे बाजूला करायचे ते त्यांनी बोटांनी दाखवलं. चव काय सांगू? नागपूरच्या माणसाला जशी लागायची तशी लागली. पण पहिल्या घासानंतर मी थांबलो नाही, आणि काका माझ्या ताटलीकडे न बघितल्यासारखं करत होते.

ते आत पडायला गेले तेव्हा मुलगी अंगणात आली. "ट्रुथफुली सांगा," ती म्हणाली. "तिकडे तो हॅपी होता ना? मी त्याला इथे आणलं, डिड आय डू द राइट थिंग?"

मी विचार केला. "आम्ही फारसं बोलायचो नाही," मी म्हणालो. "पण तुमचा फोन येण्याच्या वेळेच्या आत ते न चुकता घरी पोचायचे. कितीही मासे लागत असले तरी निघायचे."

तिने मान वळवली आणि तवा उचलून घासायला नेला. तिला चालत नसलेल्या वासासकट.

परतीच्या विमानात मला झोप लागली नाही. तळ्यातले ते मासे डोळ्यांपुढून जात नव्हते. घरी आल्यावर, पुण्यात शनिवारची निवांत सकाळ असेल अशी वेळ साधून फोन केला आणि बायको काही विचारायच्या आत म्हणालो, "मला इथे करमत नाही."

ती म्हणाली, "मला वाटायचं, तुला आवडतं तिकडे. नदीचे एवढे फोटो पाठवतोस. फोटोत कधी कुणी नसतं, पण मला वाटलं, तुला तेच आवडतं."

"सुरुवातीला आवडलं होतं."

"मग ये ना," ती म्हणाली. इतकं साधं. इतकी वर्षं हे वाक्य आम्ही दोघंही रांगेच्या भीतीने टाळत होतो. "घर लहान आहे. आणि मी आता कुणाला विचारून काही करत नाही, सवय गेलीय. तुला जड जाईल."

"बघू," मी म्हणालो. आणि दोघंही हसलो, जरा घाबरतच.

जूनमध्ये जातोय. रांगेत माझ्या मागे असलेला कुणीतरी एक पाऊल पुढे सरकेल. ऑफिसमधले मित्र म्हणतात, वेड लागलं याला. असेलही. पुण्यात बायकोने माझ्यासाठी कपाटाचा एक कप्पा मोकळा केलाय, त्याचा फोटो पाठवला. मुलगी आता माझ्या खांद्याला लागते म्हणे. आम्ही एकाच घरात राहिलो त्याला इतका काळ झालाय की मला तिच्याशी काय बोलायचं हे विमानात ठरवावं लागेल.

काकांना सांगायला फोन केला, तेव्हा ते तळ्यावरच होते. ऐकून घेतलं. पलीकडे पोरांचा कालवा चालला होता.

"मीही एकदा परत जायचं ठरवलं होतं," ते म्हणाले. "हिलाही सांगितलं होतं. मग त्या वर्षी प्रमोशन मिळालं, मग ही मुलगी झाली. मग विषयच निघाला नाही." मग एकदम घाईने, "ठेवतो, ठेवतो, लागलाय बघ!"

मी फोन कानाला धरून थांबलो. त्यांनी तो बंद न करताच खुर्चीवर ठेवला असावा. रीळ फिरल्याची करकर, कुणाचं तरी इंग्लिशमधलं "गुड वन, सर!" आणि काकांचं खुशीतलं हसू बराच वेळ ऐकू येत होतं.